कोवळ्या पोरींची बाळंतपणं

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांवर नर्सबाई म्हणून नोकरी झाली. तिथं शिकलेलं थोडं.

१. वय विचारू नये, शाळा विचारावी. ‘अठरा पूर्ण’ हे उत्तर घरच्यांनी पढवलेलं असतं. दहावीला कधी बसलीस म्हटलं की हिशेब आपोआप लागतो. लपवण्याचं कारण भीती. 2012 च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतली पोर गरोदर दिसली की पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचं नाव न सांगण्याची मुभा दिली, तीही गर्भपातापुरती. कायदा पोरीच्याच भल्याचा आहे, पण त्याच्या धाकानं ती सातव्या महिन्यापर्यंत आपल्याकडं फिरकत नाही, आणि खरा धोका तिथंच. म्हणून पहिल्या भेटीत दटावणं नको. ती दुसऱ्यांदा आली पाहिजे.

२. भातलावणीत पाय सुजले की घरचे म्हणतात, चिखलात उभी होती. असेलही. पण तोंड सुजलंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते असं म्हणाली, तर रक्तदाब तिथल्या तिथं मोजावा. कोवळ्या वयात, पहिलटकरणीला झटके येण्याचा धोका जास्त. दाब फार चढलेला निघाला तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढं पाठवायचं.

३. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे पंडुरोग, 7 च्या खाली म्हणजे दवाखान्यातच. लोहाची गोळी कोऱ्या चहाबरोबर घेऊ नये. अमृत आहाराचं ताट अंगणवाडीतच बसून खायला लावावं. घरी नेलं की त्याचे वाटे पडतात.

४. पावसाळ्यातली तारीख असेल तर आठवडाभर आधीच घोडेगावला किंवा मंचरला हलवावं. 108 आहे, पण फोनला रेंज हवी ना!

५. कळा देताना पोरीला एकटं ठेवू नये. आई, मावशी, कुणीतरी हात धरायला हवं. घाई करून वरून पोट दाबणं तर नाहीच. आमच्या सुइणी बाईला उकिडवं बसवून मोकळं करायच्या; आम्ही त्यांना अडाणी ठरवून टेबलावर उताणं निजवलं. आता जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते, बाईला सोयीचं वाटेल तसं बसू द्या.

६. पाळणा लांबवायचं सासूसमोर काढू नये. सासू चहाला गेली की पोरीलाच विचारावं. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसते. अंगावर पाजत असेल तर ‘अंतरा’चं इंजेक्शन दीड महिन्यानंतर, मग दर तीन महिन्यांनी. पुढची तारीख कार्डावर लिहून द्यावी, आणि आशाताईच्या वहीतही.