तेरची सहल, क्रॉस जॉइन आणि यादीतून गळालेलं मूल

अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात डीबीएमएस शिकवताना जॉइन आला की बहुतेक मुलं दचकतात. त्यातही क्रॉस जॉइन म्हटलं की "सर, हा चुकूनच होतो ना?" असं विचारतात. चुकूनही होतो, ते खरंच आहे. पण मुद्दाम केला तर तो एक काम असं करतो जे दुसऱ्या कुठल्या जॉइनला एकट्यानं जमत नाही. संगणक नसला तरी चालेल. कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन हा धडा ओसरीवरही घेता येतो. पालकांनीही घरी करून बघावा.

समजा, तुम्ही मुलांना घेऊन तेरला गेलात. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजेच जुनं तगर. मुलांचे तीन गट केले आणि त्यांना नद्यांची नावं दिली: तेरणा, मांजरा, सीना. बघायची ठिकाणं चार: त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वर मंदिर, संत गोरोबाकाकांची समाधी आणि लामतुरे संग्रहालय. गटांच्या तीन चिठ्ठ्या डावीकडे उभ्या मांडा, ठिकाणांच्या चार चिठ्ठ्या वर आडव्या. आता प्रत्येक गटाची प्रत्येक ठिकाणाशी जोडी लावायची. एकही जोडी सोडायची नाही आणि कोणाला कुठे जायला आवडेल हे विचारायचं नाही. तीन चोक बारा. ह्या बारा जोड्या म्हणजे क्रॉस जॉइन.

अकरावीच्याच गणितात संचांचा कार्टेशियन गुणाकार येतो, तो हाच. नाव फ्रेंच गणिती डेकार्तवरून पडलंय. दोन्ही विषयांचे शिक्षक वेगळे असतात, त्यामुळे मुलांना ही ओळख कोणी करून देत नाही. तेवढं एक वाक्य वर्गात जरूर बोला.

एसक्यूएलमध्ये तो असा लिहायचा. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतोय; आज्ञेचे शब्द टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं लागतील.

सिलेक्ट गट.नाव, ठिकाण.नाव
फ्रॉम गट क्रॉस जॉइन ठिकाण;

बाकीच्या जॉइनमध्ये 'ऑन' लिहून अट घालतो, इथे अटच नाही. ओळींचा हिशोब नेहमी गुणाकाराचा. म्हणून एक प्रश्न मुलांना हमखास विचारा: ठिकाणांचं टेबल रिकामं असेल तर किती ओळी येतील? बरीच जण "तीन" म्हणतात. उत्तर शून्य, कारण तीन गुणिले शून्य. आणि चुकून होणारा क्रॉस जॉइन कुठून येतो तेही इथेच सांगून टाका. फ्रॉमपुढे दोन टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन लिहिली आणि व्हेअरमधली अट विसरली, की झालं. 600 विद्यार्थी आणि 250 पुस्तकं असतील तर पडद्यावर दीड लाख ओळी धावतात.

आता मुद्द्याकडे. संध्याकाळी परत येताना तुमच्याकडे 'भेट' नावाचं तिसरं टेबल तयार आहे. कोणता गट कुठे जाऊन आला त्याच्या नोंदी. तेरणा आणि मांजरा तीन-तीन ठिकाणी गेले, सीना दोनच. एकूण आठ ओळी. उत्तरेश्वरला कोणालाच जायला वेळ मिळाला नाही आणि सीना गटाचं संग्रहालयही राहिलं.

'भेट' टेबल कितीही निरखून बघा, उत्तरेश्वरचं नाव त्यात सापडणार नाही. जे घडलं त्याचीच नोंद होते. जे राहिलं त्याची ओळ कोण लिहिणार? ठिकाणांच्या टेबलाला भेटी नुसत्या लेफ्ट जॉइननं जोडल्या तर उत्तरेश्वर रिकामं दिसेल खरं, पण सीनाचं संग्रहालय राहिलं हे कळणार नाही, कारण संग्रहालयापुढे बाकीच्या दोन गटांची नावं आलेली असतात. त्यासाठी आधी बाराच्या बारा जोड्यांची चौकट मांडावी लागते आणि मग तिच्यावर खऱ्या नोंदी ठेवायच्या:

सिलेक्ट गट.नाव, ठिकाण.नाव
फ्रॉम गट क्रॉस जॉइन ठिकाण
लेफ्ट जॉइन भेट
ऑन भेट.गट = गट.क्रमांक अँड भेट.ठिकाण = ठिकाण.क्रमांक
व्हेअर भेट.गट इज नल;

चार ओळी मिळतात: तिन्ही गटांचं उत्तरेश्वर आणि सीनाचं संग्रहालय. पुढच्या सहलीचं नियोजन ह्या चार ओळींवर होतं.

हेच हजेरीला लावून बघा. आपल्या भागात हा प्रश्न नुसता सरावापुरता नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि पोरंही बरोबर जातात. समजा पटावर 40 मुलं आहेत, महिन्यात कामाचे 24 दिवस आहेत आणि हजेरीच्या टेबलात फक्त हजर मुलांच्या नोंदी होतात. महिन्याअखेर 814 नोंदी झाल्या. तुम्ही विद्यार्थी आणि हजेरी साध्या जॉइननं जोडून अहवाल काढला आणि त्यात 37 नावं आली. 37 गुणिले 24 म्हणजे 888. त्यातले 814, म्हणजे जवळपास 92 टक्के. अहवाल छान दिसतो. पण उरलेली तीन मुलं गैरहजर म्हणूनही त्यात नाहीत. ती अहवालात नाहीतच. 40 मुलं आणि 24 दिवसांचा क्रॉस जॉइन घेतला की 960 ओळी होतात आणि टक्केवारी 85 च्या खाली येते. हा आकडा खरा आहे.

कोणी म्हणेल, महिनाभर न आलेलं मूल साध्या लेफ्ट जॉइननंही सापडलं असतं. सापडेल. पण महिना संपल्यावर सापडून काय उपयोग? नवव्या दिवसापर्यंत आलेलं आणि दहाव्या, अकराव्या, बाराव्या दिवशी न आलेलं मूल तेराव्या दिवशी दिसायला हवं, म्हणजे घरी जाऊन आईवडिलांशी बोलता येतं, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालता येतं. त्यासाठी मूल गुणिले दिवस अशी चौकटच लागते. आणि दिवसांचं टेबल स्वतंत्र ठेवा, हजेरीतून तारखा उचलू नका. ज्या दिवशी कोणाचीच नोंद झाली नाही तो दिवसच तिथून गायब असतो.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. मोजताना काउंटमध्ये तारा टाकला तर एकदाही न आलेल्या मुलापुढेही 24 येतात, कारण चौकटीतली ओळ मोजली जाते. हजेरीच्या टेबलातला रकाना मोजायचा, म्हणजे शून्य येतं. दुसरं, हजेरीवरची अट व्हेअरमध्ये न घालता ऑनमध्ये घालायची; व्हेअरमध्ये घातली की रिकाम्या ओळी गाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया. शिवाय क्रॉस जॉइनला डोकं नसतं. 15 तारखेला दाखल झालेल्या मुलापुढे तो 1 तारखेची ओळही मांडतो, तेव्हा दाखल तारखेची अट आपणच घालायची.

रिकाम्या ओळीचा अर्थ काय लावायचा, हे शिकवायला पुन्हा तेरच कामी येतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर ही दोन्ही गावं आहेत. पैठणहून ऑनिक्स हा शोभेचा दगड आणि तगरहून साधं कापड, मलमल भडोचच्या बंदराकडे जायचं, असं त्यात लिहिलंय. आता गावं दोन, माल दोन प्रकारचा: दगड आणि कापड. क्रॉस जॉइन चार जोड्या देईल. त्यातल्या दोन ग्रंथात आहेत, पैठणचं कापड आणि तगरचा दगड ह्या दोन रिकाम्या. म्हणजे पैठणला कापड होत नव्हतं का? तसं म्हणता येत नाही. त्या लेखकानं ते नोंदवलं नाही, एवढंच नल सांगतो. हजेरीतली रिकामी ओळही तशीच वाचायची: मूल आलं नसेल, किंवा त्या दिवशी नोंद करायची आपल्याकडूनच राहिली असेल. मुलाच्या घरी जाण्याआधी आपलं टेबल एकदा तपासा.