शेडनेटमधला उजेड मोबाईलवर मोजा



ट्रेमधली टोमॅटो, मिरचीची रोपं उंच, बारीक, फिक्कट व्हायला लागली तर लगेच खत-औषध देऊ नका. आधी उजेड मोजा. असं लांबलेलं रोप लागवडीनंतर वाऱ्यानं कोलमडतं.

१) मोबाईलमध्ये लक्स मीटरचं मोफत ॲप घ्या.
२) दुपारी १२ च्या सुमारास नेटबाहेर उन्हात मोबाईल सपाट, स्क्रीन वर करून धरा. आपली सावली पडू देऊ नका. आकडा लिहून ठेवा.
३) लगेच नेटमध्ये रोपांच्या उंचीवर ४-५ ठिकाणी मोजा, सरासरी काढा.
४) आतल्या आकड्याला बाहेरच्यानं भागून १०० नं गुणा.

बाहेर ६०,००० आणि आत ३०,००० म्हणजे ५० टक्के. मोबाईलचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच मोबाईलवरचं प्रमाण कामाला येतं.

५० टक्क्यांच्या नेटखाली ३५ च आले तर नेटवर धूळ-शेवाळ बसलंय का बघा, धुऊन घ्या. ढगाळ दिवसात सावलीची नेट गुंडाळून ठेवा. उजेड बरोबर असेल तर रोपं दाट झालीत का, पाणी जास्त होतंय का ते तपासा.

बाहेरचा आकडा एकाच ठिकाणी अडकला तर मोबाईलची मर्यादा संपली. सकाळी ८-९ वाजता मोजा.

आपापले आकडे ग्रुपवर टाका.