देशोदेशीची द्राक्षमद्ये आणि आपले द्राक्षारिष्ट

“हृदयासाठी रेड वाइन घ्यावी काय?” हा प्रश्न रुग्ण चिकित्सालयात विचारतात. औषधालयात त्याचेच दुसरे रूप ऐकू येते : “द्राक्षारिष्ट म्हणजे आपली वाइनच ना?” दोन्ही प्रश्नांत वाइन हे एकच द्रव्य गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात संधान कोठे व कसे थांबले यावरून वाइनचे गुण पालटतात, आणि संधानकल्पना जाणणाऱ्या वैद्यास हा भेद समजणे अवघड नाही.

द्राक्षरसातील शर्करेचे किण्वामुळे मद्यार्कात रूपांतर होते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम शर्करा खर्ची पडते तेव्हा १ टक्का मद्यार्क उत्पन्न होतो. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात शर्करा जवळजवळ संपेपर्यंत संधान चालू देतात. म्हणून तेथील तांबडी वाइन रुक्ष, कषाय आणि सुमारे १३ टक्के मद्यार्काची असते. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये मात्र संधान अर्ध्यावर असतानाच ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षस्पिरिट घालतात. किण्व मरते, गोडी तशीच राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. स्पेनच्या फिनो शेरीत क्रम उलटा असतो. तेथे संधान पूर्ण झाल्यावर स्पिरिट घालतात, त्यामुळे मद्यार्क १५ टक्के असूनही गोडी नाममात्रच. हंगेरीची तोकाय असू ही बुरशीने सुकलेल्या द्राक्षांपासून करतात. तीत लिटरमागे किमान १२० ग्रॅम शर्करा असावी असा नियम आहे. प्रमेही रुग्णाने “वाइन घेतो” एवढेच सांगितले, तर चिकित्सकाला काहीच कळले नाही असे समजावे.

आपल्या परंपरेला जवळची वाटते ती जॉर्जियाची पद्धत. तेथे क्वेव्हरी नावाचे मोठे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांत संधान करतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. प्रक्षेपद्रव्यांचे साम्य पाहावयाचे तर इटलीतील तुरिनच्या व्हर्मुथकडे पाहावे. दवण्याच्याच वर्गातील एक कडू वनस्पती आणि इतर सुगंधी द्रव्ये तिच्यात असतात. ग्रीसच्या रेत्सिनात तर पाइन वृक्षाची राळ घालतात!

परंतु साम्य म्हणजे एकत्व नव्हे. चरकसंहितेत २६ फलासवांच्या गणनेत मृद्वीका प्रथम येते हे खरे. तथापि शार्ङ्गधरोक्त द्राक्षारिष्टाचा अधिकार उरःक्षत, क्षय, कास, श्वास हा आहे. ‘हृदयाची वाइन’ म्हणून ते विकणे शास्त्राला धरून नाही.

मात्रेचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क सामान्यतः ५ ते १० टक्के असतो. ८ टक्के धरल्यास २० मि.लि. मात्रेतून सुमारे सव्वा ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मि.लि. पेल्यातून तो सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे बारापट जातो. शर्करेचे पाहा. प्रमाण न सांगितलेल्या अरिष्टात एक द्रोण द्रवास एक तुला गूळ व त्याच्या निम्मा मध, हा शार्ङ्गधराचा नियम. द्रवद्वैगुण्य न धरता सुमारे १२ लिटर द्रवास ७ किलोहून अधिक मधुर द्रव्ये होतात. १० टक्के मद्यार्कासाठी त्यातील काही भागच खर्ची पडतो, उरलेली गोडी बाटलीत राहते. चमच्याच्या मात्रेत ही शर्करा थोडी असते, पण वाइनऐवजी म्हणून कोणी अर्धा पेला घेऊ लागला तर ती थोडी राहत नाही.

राहिला हृदयाचा प्रश्न. स्निग्ध आहार असूनही फ्रेंचांत हृद्रोग कमी का, याची चर्चा १९९१-९२ पासून गाजली आणि श्रेय तांबड्या वाइनला मिळाले. पुढे त्या निष्कर्षांवर आक्षेप आले. मद्य न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे मद्य सोडलेलेही मोजले जात, हा त्यांतील मुख्य आक्षेप. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, अशी भूमिका मांडली. न पिणाऱ्यास हृदयासाठी वाइन सुरू करण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये. जो पितो त्याला मात्र वाइन गोड की रुक्ष, पेला केवढा आणि आठवड्यातून किती वेळा, हे विचारून पत्रकात नोंदवावे.

औषधविक्रेत्यांनीही द्राक्षारिष्ट देताना समभाग पाण्यासह घ्यावयाची मात्रा बाटलीवर लिहून द्यावी. ग्राहक गर्भिणी, यकृद्विकारी, मद्य सोडलेला किंवा मेट्रोनिडाझोल घेणारा असल्यास वैद्याला विचारल्याशिवाय बाटली देऊ नये.