ओसरीवरची खाट

प्लास्टर सहा आठवडे ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हाडाची काळजी नव्हती. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात. धास्ती होती ती माझ्या आठ वर्षांच्या पोराला खाटेवर टिकवून ठेवायचं कसं याची. ऐन पावसाळ्यात सायकल घसरून त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर मांडीपासून थेट पावलापर्यंत. आमचा धाकटा शाळेतून आला की दप्तर टाकून अंजनगाव-सुर्जीच्या गल्ल्यांत पसार होणारा. म्हणून घरी आल्या आल्या मी माझा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत, पंख्याखाली त्याची खाट टाकली.

पोर गप्प झालं. मीही निर्धास्त झाले. स्वयंपाक, धुणं, पानमळ्यावरची ये-जा, सगळं सुरळीत चालू राहिलं. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायची, "बिचारा कुरकुर म्हणून करत नाही."

अकराव्या रात्री तो रडत उठला. "आई, आत टोचते मले." खूप विचारल्यावर खरं बाहेर आलं. पायाला खाज सुटली म्हणून त्यानं प्लास्टरच्या वरच्या तोंडातून तुराटीची काडी आत घातली होती आणि ती आतच मोडली होती. या गोष्टीला चार दिवस झाले होते. चार दिवस तो व्हिडिओच्या नादात ते टोचणं विसरत होता, आणि रागवेन म्हणून मला सांगत नव्हता. सकाळी प्लास्टर कापलं तेव्हा काडीच्या तुकड्याभोवती ओली जखम होती आणि तिला वास येत होता. जखम खोल गेली नव्हती, म्हणून निभावलं. ड्रेसिंगसाठी खिडकी ठेवून नवं प्लास्टर घातलं. परत येताना गाडीत मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

त्या दिवसापासून मी मुलाला रमवण्याआधी त्याचा पाय बघायला शिकले. ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांनी हे आधी वाचावं. पहिले दोन-तीन दिवस पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा. दिवसातून चार-पाच वेळा पायाची बोटं हातात घेऊन बघायची: कोमट आहेत का, हलवता येतात का, नख दाबून सोडलं की लाली लगेच परत येते का. बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या, बधिर झाली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठायचा. खाज तर सुटणारच. पण आत काडी नको, पट्टी नको, तेल नको, पावडर नको. बाहेरून हलक्या हातानं टकटक करा, केस वाळवायच्या यंत्राची गार हवा सोडा, नाहीच थांबली तर डॉक्टरांना विचारून औषध द्या. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की आत काही गेलं तर तू फक्त सांग, कोणी रागवणार नाही. हे मी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. तो पाणीच कमी पीत होता. भांडं मागायची त्याला लाज वाटायची, म्हणून तहान मारून बसायचा. शौचालाही कडक होत होतं. मग भांडं द्यायचं काम त्याच्या बाबांनी आपल्याकडे घेतलं, दार लावून, गाजावाजा न करता. आठ दिवसांत तब्येतीत फरक पडला.

आता रमवण्याचं. मोबाईल मी पूर्ण बंद केला नाही, दुपारी एक तास ठेवला. बाकीचा दिवस कशानं भरायचा हे मात्र मला सुचलं नाही. सुचलं ते आमच्या मामाजींना, पोराच्या आबाजींना. ते म्हणाले, "त्याले आत काहून कोंडलं? ओसरीवर घ्या." खाट ओसरीवर आली आणि निम्मं काम झालं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जायचा. संध्याकाळी चार-पाचला, बाकीची पोरं खेळायला निघाली की त्याचा चेहरा पडायचा. तीच वेळ सगळ्यात अवघड होती. मी त्याच्या दोस्तांच्या आयांना सांगितलं, रोज दोघं जण अर्धा तास ओसरीवर येऊ द्या. गर्दी नको, दोघंच.

आमच्याकडे पानमळा आहे. अंजनगावची नागवेलीची पानं आणि पानपिंपरी यांवर इथली कितीतरी घरं चालतात. तोडलेली पानं घरी आली की ती निवडायची, मोजायची, लावायची. आबाजींनी एक दिवस पानांचा ढीग त्याच्यापुढे ठेवला. "मोज बरं, तुले जमते का पाहू." सुरुवातीला तो पंधरा-वीस पानांवरच चुकायचा. मग डाव्या हातात देठ, उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक पान सरकवायचं, फाटकं आणि डागाळलेलं बाजूला, असं त्याला साधायला लागलं. शंभर झाली की तो ओरडून सांगायचा आणि आबाजी मुद्दाम पुन्हा मोजायचे. एकदा आबाजींचीच चूक निघाली, तेव्हा त्याचा आनंद बघण्यासारखा होता. आपण घराला लागतो, हे त्याला कळलं होतं. पानपिंपरी मात्र आम्ही त्याच्या हाती दिली नाही, ती तिखट, डोळ्याला हात लागला तर आग होते. आणि पानांचं ओलं गोणपाट खाटेवर ठेवायचं नाही. पावसाळी हवेत प्लास्टर आधीच सर्दावतं.

चिंचोके, मणी, गोट्या, नाणी या वस्तू आम्ही खाटेवर मोकळ्या ठेवणं बंद केलं, कारण त्या प्लास्टरमध्ये घसरतात आणि कळतही नाही. अष्टा-चंग खेळायचा तर परातीत. आधी सोंगट्या मोजायच्या, उचलताना पुन्हा मोजायच्या.

आबाजींकडे गोष्टींची खाण. इंग्रजांनी अडगावची लढाई जिंकली ती 29 नोव्हेंबर 1803 ला, गाविलगड घेतला 15 डिसेंबरला, आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांशी तह झाला तो आपल्या या सुर्जी-अंजनगावात, हे त्याला शाळेत एका ओळीत कळलं असतं. इथे त्यानं गोधडीच्या घड्यांचा गाविलगड रचला, उशीची खिंड केली आणि चार दिवस लढला. रोज त्यात काहीतरी वाढवायचा. रात्री 'किशोर' मासिकाचे जुने अंक मी वाचून दाखवायची. ते बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. गोष्ट अर्ध्यावर थांबवायची, म्हणजे सकाळी उठायला त्याला कारण असायचं.

पोळा आला तेव्हा प्लास्टर निघायला आठवडा होता. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरता येणार नाही म्हणून तो आदल्या रात्री मुसमुसला. मी समजूत घातली नाही, शेजारी बसून राहिले. त्याच्या बाबांनी गेल्या वर्षीच्या कडब्यातलं धांड आणलं, साल स्वतः काढली, कारण ती बोट कापते, आणि गाभ्याची छकडी करायला त्याला दिली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि पोरांना द्यायचा बोजारा त्यानं वाटला, खाटेवरून, एकेकाला नावानं हाक मारून.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक दिसतो, कातडीला पापुद्रे येतात, गुडघा आखडलेला असतो. पोर घाबरतं. त्याला आदल्या दिवशीच हे सांगून ठेवा, आणि डॉक्टर म्हणतील तेवढंच चालू द्या. आमच्याकडे चालणं सुरळीत व्हायला आणखी तीनेक आठवडे गेले.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीचा हात मोडला. आमचा हा परात घेऊन तिच्याकडे गेला. मागोमाग मी गेले तर तो पँट गुडघ्यावर ओढून तिला तो व्रण दाखवत होता. "इथं गेली होती काडी," तो सांगत होता. "खाजलं तर मले बोलाव. मी बाहेरून ठोकून देतो."