चिपी ते गोंदिया: विमानाला किती वेळ?

प्रश्न : आमची लेक गोंदियाला नोकरीला आणि तिचं आजोळ वेंगुर्ल्याचं. आता दोन्हीकडे विमानतळ आहेत. चिपी ते गोंदिया हवाई अंतर किती, आणि विमान किती वेळात पोचेल?
— एक वाचक, मासवण (जि. पालघर)

उत्तर : अंतर घरबसल्या काढता येतं. चिपी १६ अंश उत्तर अक्षांशावर, रेखांश साधारण ७३.५. गोंदियाचं बिरसी २१.५ आणि ८०.३ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे झाले ६१०. रेखांशाचा अंश आपल्या भागात सुमारे १०५ किलोमीटरचा, म्हणून पूर्वेकडे ७१०च्या थोडं वर. आता शाळेतला पायथागोरस आठवा: कर्ण निघतो सुमारे ९४० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याचा फरक मुंबई-न्यूयॉर्कला मोठा पडतो, एवढ्या अंतरात तो सोडून द्यावा.

घरात महाराष्ट्राचा नकाशा असेल तर पट्टी ठेवूनच बघा. रेघ मंगळवेढा, तुळजापूर, नांदेड अशी जाते. कोकणातून निघून विठोबाला डावीकडे ठेवत भवानीच्या माथ्यावरून विदर्भात! एवढा देखणा मार्ग, पण त्यावर थेट विमान नाही.

असतंच तर? छोट्या विमानतळांवर बहुधा पंख्याचं एटीआर येतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चढउतार धरून दोन तासांहून थोडं अधिक. एअरबससारखं जेट दीड तासात नेईल. तिकिटावरची वेळ याहूनही जास्त दिसते, कारण कंपन्या विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरतात. मुंबई-दिल्ली ११५० किलोमीटरच, तरी वेळापत्रकात सव्वादोन तास असतात ते त्यामुळेच.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथे वैमानिक तयार होतात. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१चं. दोन्ही ठिकाणं आहेत, मधला दुवा नाही. तेव्हा लेकीने मुकाट्याने विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळला उतरावं. मध्ये दोन दिवस मासवणला माहेरपण होतं, तो फायदा वेगळाच.

आणि तुम्हीच विमानाने निघालात तर? मासवणहून मुंबईचा विमानतळ जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, सरळ रेषेत ७० किलोमीटर. जेटला हे पाच-सहा मिनिटांचं काम. तुम्ही मात्र मनोरला येऊन अहमदाबाद महामार्गाला लागणार, आणि वर्सोवा पुलाच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत उभे राहणार. तिथे अर्धा तास गेला, तर तेवढ्यात चिपीहून उडालेलं ते न उडणारं एटीआर मंगळवेढ्याजवळ पोचलेलं असेल.