कटाची कथा आपल्याला का पटते?

संकटाचे कारण कळेनासे झाले की मन सैरभैर होते. अशा वेळी ‘यामागे अमक्यांचा कट आहे’ असे कोणी सांगितले, तर ते चटकन पटते, कारण भीतीला एक चेहरा मिळतो. इतिहास शिकवताना आम्हांला याचा प्रत्यय वारंवार येतो.

१३४८ च्या सुमारास युरोपात प्लेगने हाहाकार माजवला. प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली. तेव्हा मात्र रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ‘ज्यूंनी विहिरींत विष कालवले’ अशी आवई उठली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि तेच पुरावे ठरले. ज्यूही प्लेगने मरत आहेत, जिथे ज्यू नाहीत तिथेही साथ आहे, असे पोप सहावे क्लेमेंट यांनी बजावले होते. तरीही १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्यांच्याकडून घेतलेली कर्जेही मग रद्द झाली. अफवेत कोणाची तरी सोय दडलेली असते, ती अशी.

मानसशास्त्र याची उकल करते. १९४४ साली हायडर आणि सिमेल या संशोधकांनी लोकांना पडद्यावर नुसते सरकणारे त्रिकोण व वर्तुळ दाखवले. बहुतेकांना त्यांत भांडण आणि पाठलाग दिसला. जिथे हेतू नाही तिथेही आपले मन हेतू पाहते. शिवाय, तेच विधान पुनःपुन्हा कानी पडले की ते खरे वाटू लागते. विरोधी पुरावा दिला, तर ‘तोही कटाचाच भाग’ असे म्हणून कथा स्वतःला वाचवते.

महाडला २० मार्च १९२७ रोजी ‘अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या खोट्या आवईने आपल्या वाडवडिलांवर लाठ्या चालल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठार मारले. संशयाची कुऱ्हाड बहुधा परक्यावर आणि दुबळ्यावरच पडते.

ही कुऱ्हाड सोसलेल्यांच्या मुलांच्या हाती आज मोबाइल आहे. म्हणून संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या : हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? कोणता पुरावा मिळाला तर आपण हे खोटे मानू? आणि लोकांनी यावर विश्वास ठेवला, तर लाभ कोणाचा? दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच सापडत नसेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा.