खोकणारे इंजिन

संगणकावर विमानयुद्धाचे खेळ खेळता येतात. त्यांपैकी काहींत जुन्या विमानांचे गुणदोष मोठ्या बारकाईने उतरविलेले असतात. अशा खेळात १९४० सालचे स्पिटफायर घेऊन एखाद्या मुलाने त्याचे नाक एकदम खाली दाबले, की इंजिन खोकल्यासारखे करते आणि क्षणभर बंदच पडते. खेळ बिघडला, असे त्या मुलाला वाटते. परंतु खरे स्पिटफायरही असेच वागत असे, आणि ते वैमानिकाच्या जिवावर बेतत असे.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश व जर्मन वैमानिकांची घनघोर झुंज चालू होती. पाठलाग होऊ लागला की जर्मन वैमानिक आपल्या मेसरश्मिट विमानाचे नाक खाली दाबून सूर मारी. स्पिटफायर किंवा हरिकेन तसेच त्याच्यामागे झेपावले, की त्याचे मर्लिन इंजिन नेमके त्याच वेळी दगा देई. तेवढ्यात शत्रू दूर निघून जाई.

असे का होई? उंच गेलेला झोका खाली येऊ लागला म्हणजे पोटात गोळा येतो व अंग पाटावरून उचलल्यासारखे वाटते. विमान एकाएकी खाली वळले म्हणजे वैमानिक असाच आसनावरून उचलला जाई, आणि त्याच्याबरोबर पेट्रोलही! कार्ब्युरेटरच्या लहानशा टाकीतील पेट्रोल वर उसळे, तळाची वाट कोरडी पडे आणि इंजिन खोके. पण खरे संकट पुढेच असे. टाकीतील पातळी राखणारा तरंगा फसे, पंप जोराने पेट्रोल आत लोटी आणि त्या पुराने इंजिन गुदमरून जाई. जर्मन इंजिनांत पेट्रोल पिचकारीप्रमाणे थेट आत सोडले जाई. त्यांना ही बाधा नव्हती. ब्रिटिशांनी कार्ब्युरेटर काही अज्ञानाने ठेवला नव्हता. त्यात पेट्रोलाची वाफ होताना हवा थंड होई व इंजिनाची शक्ती वाढे.

वैमानिकांनी एक युक्ती काढली. विमान आधी पाठीवर उलथे करावयाचे व मग खाली ओढावयाचे. पेट्रोल तळाशीच राही. पण मोलाचा क्षण जाई.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता होत्या. १९३४ साली त्यांनी ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल पळविली होती. त्यांनी शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक पितळी टोपी तयार केली. तिला मधोमध बेताचे छिद्र होते. इंजिनाला अधिकात अधिक जेवढे पेट्रोल लागेल, तेवढेच त्यातून जाई. पुराचे दारच अरुंद झाले!

१९४१ च्या मार्चपर्यंत शिलिंगबाई सहकाऱ्यांसह विमानतळोविमानतळी फिरून ही टोपी बसवू लागल्या होत्या. त्यासाठी विमान कामातून काढावे लागत नसे. पहिला खोकला तिनेही थांबला नाही, इंजिन गुदमरणे मात्र टळले. १९४३ च्या सुमारास निराळ्या जातीचे कार्ब्युरेटर आले. तोवर वैमानिक या टोपीच्या भरवशावर शत्रूमागे सूर मारीत होते.